पक्के गिऱ्हाईक आणि जाहिरात : गेम कन्सोलच्या बाजारातून घेण्यासारखे धडे

प्रत्येक धंद्यात दोन प्रकारचे गिऱ्हाईक असते. एक येणारे-जाणारे. माल दिसला, भाव पटला, घेतला आणि गेले. दुसरे पक्के. त्याला मालाची जाण असते. ते माल हातात घेऊन पाहते, चार प्रश्न विचारते, आणि पटले तर आणखी पाच जणांना आपल्या दुकानाचे नाव सांगते. पाथरीच्या बाजारात शिलाई मशीन पाहायला आलेला टेलर, ड्रिल मशीन घेणारा सुतार, पाण्याची मोटर घेणारा शेतकरी हे सारे पक्के गिऱ्हाईक होय. संख्येने ते थोडे असतात. पण बाकीचे लोक त्यांनाच विचारून माल घेतात.

या पक्क्या गिऱ्हाइकाला जाहिरातीने कसे जिंकता येते आणि त्याच जाहिरातीने कसे गमावता येते, हे समजून घ्यायचे असेल तर गेम कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांचा धंदा अभ्यासण्यासारखा आहे. पाथरीत या यंत्रांची मोठी बाजारपेठ नाही. आपल्याकडची मुले बहुतेक मोबाइलवरच खेळतात. तरीही हा धंदा निवडण्याचे कारण असे की, यातील मोठ्या कंपन्यांच्या चाली, किमती आणि चुका सर्वांसमोर उघड झालेल्या आहेत. कोट्यवधी डॉलर खर्चून त्यांनी जे धडे घेतले, ते आपल्याला फुकट मिळतात.

धंद्याची रीत

प्रथम या धंद्याचा हिशेब समजून घेऊ. कन्सोल विकताना कंपनीला बहुधा फार थोडा नफा सुटतो. कधी कधी यंत्र तोट्यातही विकले जाते. खरी कमाई पुढे, त्यावर खेळायचे खेळ विकताना होते. खेळ दुसऱ्या कंपनीने बनवला तरी प्रत्येक प्रतीमागे यंत्राच्या कंपनीला तिचा हिस्सा मिळतो.

म्हणून हौसेने एक यंत्र आणि एक खेळ घेऊन थांबणारे गिऱ्हाईक कंपनीला फारसे परवडत नाही. तिला हवा असतो पक्का खेळाडू. तो वर्षाला अनेक खेळ घेतो, मासिके वाचतो, यंत्रांची तुलना करतो आणि मित्रांनाही तेच यंत्र घ्यायला लावतो. कन्सोलच्या जाहिरातीचा मोठा भाग त्याच्याकडे पाहूनच केलेला असतो. आपल्या धंद्यातही हेच आहे. शिलाई मशीन एकदाच विकले जाते; सुया, बॉबिन, तेल आणि दुरुस्ती यांसाठी टेलर वर्षानुवर्षे येत राहतो.

सेगाने बाजार कसा मिळवला

१९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जपानच्या निन्टेंडो कंपनीचे राज्य होते. १९८९ मध्ये सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने आपले १६ बिटचे यंत्र तेथे १८९ डॉलरला आणले. निन्टेंडोचे यंत्र तेव्हा ८ बिटचे होते. सेगाने उघड तुलनेची जाहिरात केली. निन्टेंडोला जे जमत नाही ते आमचे यंत्र करते, असा तिचा रोख होता. निन्टेंडो लहान मुलांचे आणि आमचे यंत्र मोठ्या पोरांचे, हा समज तिने हळूहळू रुजवला.

पण केवळ बोलण्यावर काम भागले नाही. १९९१ मध्ये सेगाने 'सॉनिक' हा अतिशय वेगवान खेळ काढला. अमेरिकेतील शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनी यंत्राची किंमत १४९ डॉलरवर आणली आणि आपला सर्वात चांगला खेळ यंत्रासोबतच देण्याचे ठरवले. आपला सर्वात खपणारा खेळ असा देऊन टाकणे जपानमधील वरिष्ठांना पटले नव्हते. त्याच वर्षी निन्टेंडोचे नवे १६ बिट यंत्र १९९ डॉलरला आले. तरीही अमेरिकेतील १६ बिट यंत्रांच्या बाजारात सेगा काही काळ पुढे राहिली.

येथे जाहिरात का चालली? आमचे यंत्र वेगवान आहे, असे जाहिरात म्हणत होती. आणि गिऱ्हाइकाने घरी जाऊन सॉनिक लावला की वेग डोळ्यांना दिसत होता. सांगितलेली गोष्ट आणि खोक्यातून निघालेली गोष्ट एकच होती. पक्क्या खेळाडूला आणखी काय हवे?

सेगाने बाजार कसा गमावला

पुढची हकीकत व्यापाऱ्याने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये सेगाने अमेरिकेत जुन्या यंत्रावर बसवायचा १५९ डॉलरचा एक जोड विकायला काढला. त्याचे नाव ३२एक्स. हा जोड घ्या, तुमचे यंत्र नव्या जमान्याचे होईल, असे सांगितले गेले. त्याच आठवड्यात जपानमध्ये याच कंपनीने 'सॅटर्न' हे अगदी नवे यंत्र बाजारात आणले. म्हणजे एका हाताने जोड विकला जात होता आणि दुसऱ्या हाताने तो जोड जुना ठरवणारे यंत्र तयार होते. वर्ष-दीड वर्षात ३२एक्ससाठी नवे खेळ येणे बंद झाले. ज्यांनी घेतले होते ते कोण? सेगावर सर्वात जास्त विश्वास ठेवणारे पक्के खेळाडूच! पहिला फटका त्यांनाच बसला.

दुसरी चूक दुकानदारांच्या बाबतीत झाली. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबर १९९५ रोजी येईल, असे जाहीर झाले होते. पण ११ मे १९९५ रोजी एका मोठ्या व्यापारी प्रदर्शनात सेगाने अचानक सांगितले की, यंत्र ३९९ डॉलरला आजच दुकानात मिळते आहे. मात्र ते ठरावीक दुकान-साखळ्यांनाच दिले गेले होते. वगळलेले दुकानदार भडकले. के-बी टॉइज या मोठ्या साखळीने तर सेगाचा माल ठेवण्यासच नकार दिला. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी सप्टेंबरचा हिशेब धरला होता. त्यांचे खेळ तयार नव्हते. यंत्र आले, पण त्यावर खेळायला फारसे काही नव्हते.

त्याच प्रदर्शनात सोनी कंपनीचा माणूस व्यासपीठावर आला, २९९ एवढाच आकडा बोलला आणि खाली उतरला. प्लेस्टेशनची ती किंमत होती. सोनीने सर्व दुकानदारांना माल दिला आणि सांगितलेल्या महिन्यातच, म्हणजे सप्टेंबरात दिला. शेवटी सॅटर्नची जगभरातील विक्री एक कोटीच्या आत राहिली. पहिल्या प्लेस्टेशनची दहा कोटींच्या वर गेली.

सेगाने एकदा पुन्हा जोर लावला. ९ सप्टेंबर १९९९ रोजी, ९-९-९९ या मुहूर्तावर, 'ड्रीमकास्ट' हे यंत्र अमेरिकेत १९९ डॉलरला आले. जाहिरात उत्तम होती, या वेळी खेळही चांगले होते. पहिल्या चोवीस तासांत सव्वा दोन लाखांच्या आसपास नग विकले गेले. पण दोनदा पोळलेले अनेक पक्के खेळाडू हात राखून होते. ही कंपनी हेही यंत्र मध्येच सोडून दिले तर? सोनीचे नवे यंत्र लवकरच येणार होते, ते थांबले. जानेवारी २००१ च्या शेवटी सेगाने कन्सोल बनवणे बंद करत असल्याचे जाहीर केले. कर्जाचा बोजा, स्पर्धा अशी इतरही कारणे होती. पण गेलेला भरवसा हे त्यातील मोठे कारण होते. शेवटचा माल चांगला असूनही आधीच्या मालाची आठवण त्याला भोवली.

खोक्यावरचे आकडे

या धंद्यात आकड्यांचा फार सोस आहे. ८ बिट, १६ बिट, ३२ बिट. गिऱ्हाइकाला बिट म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी मोठा आकडा म्हणजे चांगला माल, एवढे समजते. १९९३ मध्ये अटारी कंपनीने 'जॅग्वार' हे यंत्र ६४ बिटचे म्हणून आणले आणि जाहिरातीत गिऱ्हाइकालाच आकडेमोड करायला सांगितले. पक्क्या खेळाडूंनी ती केली. यंत्राच्या आतील प्रक्रियक पाहून ६४ हा आकडा कसा बसवला, याची त्यांनी चिरफाड केली. खेळ पाहिले तर थोडे आणि बहुतेक सामान्य. विक्री अडीच लाखांच्या आतच राहिली.

आपल्याकडेही असेच झाले. निन्टेंडोने १९८३ मध्ये जपानमध्ये काढलेल्या ८ बिट यंत्राच्या नकला १९९० च्या दशकात भारतभर विकल्या गेल्या. महाराष्ट्रातील गावोगावी लोक त्यांना टीव्ही गेम किंवा व्हिडिओ गेम म्हणत आणि त्यात घालायच्या खेळाच्या डबीला कॅसेट. त्या कॅसेटवर '९९९९९९ इन १' असे छापलेले असे. आत खरे खेळ मोजकेच. तेच खेळ नावे बदलून, मधल्या टप्प्यापासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत घातलेले. पहिल्यांदा घेणारे पालक आकड्याला भुलत. पण खेळणारी मुले काही दिवसांतच तयार होत. मारिओ खरोखर आहे का, कॉन्ट्रा आहे का, हे ती आधी विचारू लागत. अशा गिऱ्हाइकापुढे छापील आकडा चालत नाही, कॅसेट लावून दाखवावी लागते.

नावाचाही असाच घोळ होतो. निन्टेंडोचे २००६ मधील 'वी' हे यंत्र दहा कोटींवर विकले गेले. २०१२ मध्ये कंपनीने पुढच्या यंत्राला 'वी यू' असे नाव दिले. पुष्कळ लोकांना वाटले की हा जुन्या यंत्राचाच एखादा जोड आहे. हे नवे यंत्र सुमारे १ कोटी ३५ लाखांवर थांबले. नवा माल आणताना तो नवा आहे, हे गिऱ्हाइकाला एका वाक्यात कळले पाहिजे.

भारतातील अनुभव

१९९० च्या दशकाच्या मध्यात सेगाने भारतात शॉ वॉलेस कंपनीशी करार करून आपले १६ बिट यंत्र आणले. बाहेरून येणाऱ्या अशा यंत्रावर ८० टक्के आयात कर होता. तो टाळण्यासाठी ही वाट काढली. तरीही किंमत सुमारे १८ हजार रुपये झाली. त्या काळी मध्यमवर्गीय घराला ती परवडणारी नव्हती आणि शेजारच्याच दुकानात नकली यंत्र कितीतरी स्वस्त मिळत होते. शिवाय नकली यंत्राच्या कॅसेटी मित्रांमध्ये अदलाबदल करता येत. गिऱ्हाइकाच्या खिशाचा आणि सवयीचा विचार न करता केवळ परदेशी नाव चालत नाही, हे तेव्हाच दिसले.

सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ३६०' भारतात आणले. जाहिरातीसाठी अभिनेता अक्षय कुमार आणि क्रिकेटपटू युवराज सिंग यांना घेतले. नाव घरोघरी पोहोचले. पण वीस हजारांच्या आसपासचे यंत्र घेताना पक्का खेळाडू चेहरा पाहत नाही. खेळांची किंमत किती, बिघडले तर दुरुस्ती कुठे, हे तो विचारतो. दुसरीकडे सोनीने जुन्या झालेल्या 'प्लेस्टेशन २' ची किंमत पायरीपायरीने खाली आणली आणि २००९ मध्ये 'देसी अड्डा' हा कबड्डी, विटीदांडू, पतंग अशा आपल्या मातीतील खेळांचा संच काढला. हा माल नव्या गिऱ्हाइकासाठी होता आणि तो तसाच सांगून विकला गेला. जुना माल जुना म्हणून, कमी भावात, योग्य माणसाला विकण्यात कमीपणा नाही.

गेलेली पत सावरता येते का?

येते, पण किंमत मोजून. याच एक्सबॉक्स ३६० मध्ये मोठा बिघाड निघाला. यंत्राच्या समोरच्या भागावर लाल दिवे लागत आणि ते बंद पडे. तक्रारी वाढल्यावर जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च धरला. रक्कम प्रचंड होती. पण खेळाडू कंपनीला सोडून गेले नाहीत. पुढेही अनेक वर्षे ते यंत्र जोरात चालले.

मे २०१३ मध्ये याच कंपनीने पुढचे यंत्र 'एक्सबॉक्स वन' दाखवले तेव्हा खेळांपेक्षा टीव्ही आणि इतर करमणुकीवरच जास्त बोलणे झाले. यंत्राला दिवसातून एकदा तरी इंटरनेट लागेल आणि वापरलेले खेळ दुसऱ्याला देण्यावर बंधने येतील, असेही कळले. खेळाडू खवळले. सोनीने लगेच एक अर्ध्या मिनिटाहूनही छोटी चित्रफीत काढली. आमच्या यंत्रावर मित्राला खेळ कसा द्यायचा? एका माणसाने डबी दुसऱ्याच्या हातात दिली, संपले. सोनीची किंमत ३९९ डॉलर होती, मायक्रोसॉफ्टची ४९९. १९ जून २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने ही बंधने मागे घेतली. पण पहिला ग्रह पुसला गेला नाही आणि त्या पिढीत सोनीच पुढे राहिली. बिघडलेला माल दुरुस्त करून देणाऱ्याला गिऱ्हाईक माफ करते. आपल्याला ओळखतच नाही अशा दुकानदाराला मात्र सहज माफ करत नाही.

पाथरीच्या दुकानासाठी

आता हे आपल्या धंद्याला लावून पाहू. समजा, मोबाइलचे सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने जाहिरातीच्या जोरावर नव्या स्पीकरचे २० नग प्रत्येकी १,५०० रुपयांना उचलले. भांडवल ३०,००० रुपये. ईदच्या आणि परभणीच्या उरुसाच्या हंगामात १२ नग १,७०० ने गेले. नफा २,४०० रुपये. तेवढ्यात कंपनीने नवे मॉडेल काढले. उरलेले ८ नग १,१०० ने काढावे लागले. तोटा ३,२०० रुपये. साठ टक्के माल पूर्ण भावात विकूनही शेवटी ८०० रुपये अंगावर आले. दुकानाचे भाडे आणि अडकलेल्या पैशाचा हिशेब वेगळाच.

हा तोटा कसा टाळावा? १९८५ मध्ये निन्टेंडो अमेरिकेत आली तेव्हा तेथील दुकानदार व्हिडिओ गेमच्या नावालाही भीत होते, कारण १९८३ च्या मंदीत त्यांचा माल पडून राहिला होता. निन्टेंडोने सांगितले, माल ठेवा, न विकलेला परत घेऊ. तेव्हा कुठे दारे उघडली. आपणही परभणीच्या किंवा छत्रपती संभाजीनगरच्या घाऊक व्यापाऱ्याला हाच प्रश्न विचारावा. उरलेला माल परत घेणार का? नवे मॉडेल केव्हा येणार? उत्तर टाळले तर वीसऐवजी पाचच नग घ्यावेत.

गिऱ्हाइकाच्या बाबतीत पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. नवा माल आल्यावर आधी दोन-तीन पक्क्या गिऱ्हाइकांना दाखवावा. टेलरला मशीनवर शिवून पाहू द्यावे, सुताराला ड्रिल चालवून पाहू द्यावे. त्यांचा होकार हीच गावातील पहिली जाहिरात.

२. खोक्यावरचा आकडा वाचून दाखवू नये, काम सांगावे. सुताराला किती वॉट यापेक्षा सलग किती वेळ चालते, कार्बन ब्रश मिळतात का, आर्मेचर जळले तर कोण भरून देतो, हे हवे असते.

३. महिन्याभरात नवे मॉडेल येणार हे ठाऊक असेल तर जुने विकताना तसे सांगावे आणि भाव उतरवावा. त्या दिवशी शंभर रुपये कमी मिळतील. पण ३२एक्स विकणाऱ्याची गत होणार नाही.

४. वस्तूसोबत आपल्याकडची उत्तम गोष्ट द्यावी. सेगाने सॉनिक दिला. आपण पहिली सर्व्हिसिंग मोफत द्यावी, किंवा चांगल्या प्रतीच्या सुयांचे एक पाकीट द्यावे. न खपणारा माल भेट म्हणून दिला की गिऱ्हाईक लगेच ओळखते.

५. बिघाड झाल्यास पहिल्या दिवशीच जबाबदारी घ्यावी. दुरुस्तीला किती दिवस लागतील ते कागदावर लिहून द्यावे आणि तो दिवस पाळावा.

कारागीर बांधवांनी हा धडा उलट बाजूनेही वाचावा. अवजारांच्या बाजारात आपण स्वतःच पक्के खेळाडू आहोत. कंपन्या आपल्याकडे पाहूनच चकचकीत खोकी बनवतात. तेव्हा विकणाऱ्याला प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. ज्या अवजाराचे सुटे भाग पाथरी, मानवत किंवा परभणीत मिळत नाहीत, ते कितीही नावाजलेले असले तरी काम अडवणारच.

मोठ्या शहरातील दुकानदाराला एक गिऱ्हाईक नाराज झाले तर दुसरे मिळते. तालुक्याच्या गावात तसे नाही. येथे टेलर टेलरला ओळखतो, गवंडी गवंड्याला ओळखतो आणि दुकानदाराने दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी मशिदीच्या पायरीपासून बसस्थानकापर्यंत सर्वांना ठाऊक असतो. म्हणून या आठवड्यात एक काम करावे. वहीच्या कोऱ्या पानावर आपल्या दहा पक्क्या गिऱ्हाइकांची नावे लिहावीत. प्रत्येकापुढे त्याने शेवटी काय नेले, आपण त्याला काय सांगितले होते आणि माल तसा निघाला का, हे लिहावे. जेथे तसा निघाला नाही तेथे गिऱ्हाईक तक्रार घेऊन येण्याची वाट न पाहता आपणच जाऊन विचारावे.